कर्करोगाच्या प्रसाराची प्रायोगिक प्रारूपे

मूळ गाठीतून सुटलेल्या कर्कपेशी रक्तातून किंवा लसीकेतून दुसऱ्या अवयवात पोचून तिथे वाढू लागल्या, की त्याला मेटास्टॅसिस म्हणतात. 1889 मध्ये स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या 735 शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून ‘बी आणि माती’ची कल्पना मांडली: बी सगळीकडे पडते, रुजते मात्र मानवेल त्याच मातीत. प्रयोगशाळेतले प्रत्येक प्रारूप (मॉडेल) या प्रवासातला एखादाच टप्पा दाखवते. कोणता टप्पा बघायचा हे आधी ठरवले नाही, तर प्रयोग नीट होऊनही उत्तर चुकते.

मराठवाड्यात हा मुद्दा तोंडाच्या कर्करोगामुळे महत्त्वाचा ठरतो. 2012 ची गुटखाबंदी असली तरी चुना लावून मळलेली तंबाखू आणि मिश्री घरोघरी आहे. 1987 पासून चाललेल्या बार्शी ग्रामीण कर्करोग नोंदणीत धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुकेही येतात. तोंडाचा कर्करोग बहुधा आधी मानेतल्या लसीका ग्रंथींत उतरतो. फुप्फुसाची पाळी नंतर.

सर्वांत स्वस्त प्रारूप म्हणजे ओरखडा चाचणी. प्लेटमध्ये पेशींचा थर पूर्ण भरला, की 200 मायक्रोलिटरच्या पिपेटच्या टिपने सरळ रेघ ओढायची, सुटलेल्या पेशी धुवायच्या आणि 0, 12 व 24 तासांनी त्याच जागेचे फोटो घ्यायचे. रेघ भरली म्हणजे पेशी चालल्या, असे मात्र नाही. त्या नुसत्या वाढल्याही असतील. म्हणून सीरम (पेशींना वाढीस लावणारा रक्तद्रव) कमी करतात किंवा आधी मायटोमायसिन सी देऊन विभाजन थांबवतात.

पेशी अडथळा भेदून पलीकडे जातात का, हे ट्रान्सवेल चाचणी पाहते. तीत 8 मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा थर देतात. वर सीरमविना 50 हजारांच्या आसपास पेशी, खाली 10 टक्के सीरम. 24 ते 48 तासांनी वरच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसून खालच्या रंगवून मोजतात. कसेबसे पुसले, की आकडा फुगतो. खरी फजिती मॅट्रिजेलची. ते 10 अंशांच्या वर घट्ट होऊ लागते, आणि परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. एसी बंद पडलेल्या खोलीत ते टिपमध्येच थिजते. मग प्लेटच्या एका खळग्यात थर जाड, दुसऱ्यात नावापुरता. बाटली रात्रभर 4 अंशांवर वितळवावी. टिपा, नळ्या आणि प्लेटही बर्फावरच असाव्यात. वीज गेली, की कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरचे 37 अंश आणि 5 टक्के ढळतात, म्हणून तो इन्व्हर्टरवर नसेल तर 48 तासांची चाचणी लावू नये. कोरड्या उन्हाळ्यात त्यातली पाण्याची ताटलीही रोज पाहावी लागते.

कोंबडीच्या अंड्याचे प्रारूप इथे सोयीचे, कारण हॅचरी जवळपास सापडते. किराणा दुकानातले अंडे चालत नाही, ते फलित नसते. साधारण 37.5 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत उबवून तिसऱ्या दिवशी 2-3 मिलिलिटर पांढरा बलक काढला, की कवचाखालचा रक्तवाहिन्यांचा पडदा कवचापासून खाली उतरतो आणि खिडकी पाडता येते. दहाव्या दिवशी त्या पडद्यावर कर्कपेशी ठेवतात, अठराव्याच्या आत थांबतात. पिल्लाच्या यकृतात पोचलेल्या मोजक्या मानवी पेशी अलू-पीसीआरने (कोंबडीत नसलेले मानवी डीएनएचे तुकडे शोधणाऱ्या चाचणीने) ओळखतात. कवचाची भुकटी पडद्यावर सांडली तर दाह होतो आणि त्याच्या रक्तवाहिन्या गाठीच्या खाती जमा होतात.

झेब्राफिश या छोट्या माशाच्या अळीतही मानवी कर्कपेशी टोचतात. मासा 28.5 अंशांवर सुखी, मानवी पेशी 37 वर. म्हणून 33-34 अंशांची तडजोड करतात. दोघेही थोडे नाराजच राहतात.

उंदरासाठी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी आधी लागते. शेपटीच्या शिरेतून बी16-एफ10 (उंदराच्या त्वचेच्या काळ्या कर्करोगाच्या) पेशी दिल्या, की दोन-तीन आठवड्यांत फुप्फुसावर काळे ठिपके मोजता येतात. पेशींचे गठ्ठे राहिले तर उंदीर सुई काढताकाढताच दगावतो. 40 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळणे म्हणूनच गरजेचे. पण ही पद्धत गाठीतून सुटण्याचा टप्पाच वगळते, आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तर वाटच चुकीची. तिथे जिभेतच पेशी टोचाव्यात. मानवी पेशी असतील तर त्या नाकारू न शकणारा थायमसविहीन उंदीर लागतो. जीभ सुजली, की उंदीर खाणे सोडतो, म्हणून मऊ खाद्य द्यावे आणि रोज वजन करावे. पाचवा हिस्सा घटला तर प्रयोग तिथेच संपवतात. मानेच्या ग्रंथीचा एकच मधला छेद पाहून ‘प्रसार नाही’ लिहू नये. ओळीने छेद घेऊन सायटोकेराटिन (या कर्कपेशींत असणारे प्रथिन) रंगवले, तर कडेला दडलेली चार-पाच पेशींची बेटे दिसतात.