पीजी-१३ म्हणजे तेराच्या आतल्या पोरांना एंट्री नाही?

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: पीजी-१३ (अमेरिकेतलं पिक्चरचं वयानुसार रेटिंग) लिहिलेल्या पिक्चरला १३ वर्षांखालच्या मुलांना थिएटरात घेतच नाहीत. आकडा बघून कुणालाही तसंच वाटेल, त्यात कुणाची चूक नाही.

हॅरी पॉटरचा चौथा भाग घ्या, 'गॉब्लेट ऑफ फायर', २००५ चा. जादूगार पोरांची जीवघेणी स्पर्धा, ड्रॅगन, तळ्याखालचा टास्क, आणि शेवटी स्मशानात एका विद्यार्थ्याचा खून, म्हणजे आधीच्या तीन भागांपेक्षा बराच डार्क. ते तिन्ही अमेरिकेत नुसते पीजी (त्याच्या खालचं, सौम्य रेटिंग) होते, पीजी-१३ मिळालेला मालिकेतला पहिला हाच. तरी दहा वर्षांच्या पोराला तिकीट मिळू शकत होतं, कारण ती बंदी नाहीच, आईबापांना दिलेली जरा जोरातली सूचना आहे. अमेरिकेत अडवणूक सुरू होते ती त्याच्या वरच्या 'आर'पासून, तिथे १७ च्या आतल्यांसोबत मोठं माणूस लागतं.

ब्रिटनमध्ये ह्याच पिक्चरला १२ए होतं, आणि गोंधळ बहुतेक इथूनच होतो, कारण तिथे १२ खालच्या मुलाला एकटं सोडत नाहीत, पण मोठ्या माणसाबरोबर खुशाल जाता येतं. आपल्याकडचं यूए पण सल्लाच आहे हो, दारात थांबवतात ते 'ए'ला.

चेक करायचं तर पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यातली ती बारीक चौकट वाचा. पीजी-१३ खाली पालकांनी सावध राहावं असंच इंग्रजीत छापलेलं असतं, प्रवेशबंदीचा शब्दही नसतो. बाकी आपलं पोर रात्री घाबरून उठतं का, ते आपल्यालाच माहीत :)