बिट उलटला तर फायरवॉलचं काय?

राउटर अडकला की हल्ली अंतराळातून येणाऱ्या किरणांवर खापर फोडायची टूम निघाली आहे. किरणं खरी आहेत, त्यांच्यामुळे रॅममधला एखादा बिट उलटून ० चा १ होऊही शकतो. पण अडकलेल्या राउटरमागे बहुतेकदा तापलेली चिप, थकलेला अडॅप्टर नाहीतर गचाळ फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, असतं.

मग चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम कशाला? आधी तिची करामत बघा, मला ती फार आवडते. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांचं काम शनिवार-रविवारी गणनयंत्रावर लागायचं. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून द्यायचं. हॅमिंग वैतागले: चूक झाल्याचं कळतं, मग कुठे झाली ते का कळू नये? उत्तर १९५० मध्ये छापून आलं. सात घरं घ्या, प्रत्येकात ० किंवा १. १, २ आणि ४ मध्ये पहारेकरी, बाकी चारांत माहिती. १ चा पहारेकरी १, ३, ५, ७ ही घरं सांभाळतो. २ चा २, ३, ६, ७. ४ चा ४, ५, ६, ७. प्रत्येक गटातल्या १ ची संख्या सम ठेवायची. आता पाचवं घर उलटवा. १ आणि ४ बोंब मारतात, २ गप्प. एक अधिक चार, पाच! बोंबेची बेरीज हाच चुकीचा पत्ता. डीडीआर४ पिढीपर्यंतच्या सर्व्हरच्या रॅममध्ये सहसा ६४ बिटांमागे असे ८ जादा बिट असतात. एक चूक दुरुस्त होते, दोन झाल्या तर निदान कळतं.

आता राउटरकडे वळू. आलेल्या पॅकेटला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, चूक ओळखायचा एक आकडा जोडलेला असतो: सीआरसी. राउटर तो तपासून काढून टाकतो आणि पॅकेट पुढे पाठवताना नवा जोडतो. मधल्या क्षणी रॅममध्ये बिट उलटला, तर नवा सीआरसी बिघडलेल्या मजकुरावरच शिक्का मारतो. तरी टीसीपीचा चेकसम, म्हणजे पाठवणाऱ्याने जोडलेली पडताळणीची बेरीज, पलीकडे ही एका बिटाची चूक पकडतो. पॅकेट क्षणाचं पाहुणं.

काय आत येऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे ठरवणारे फायरवॉलचे नियम मात्र महिनोन्‌महिने रॅममध्ये मुक्कामाला असतात. समजा, एका नियमात एसएसएचचं (दुरून यंत्र चालवायच्या सुरक्षित सोयीचं) पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, आहे: २२, बिटांत १०११०. शेवटचा बिट उलटला की १०१११, म्हणजे २३: त्याच कामाचं जुनं टेलनेट, पासवर्डसुद्धा उघडा धाडणारं. रीस्टार्ट केलं की डिस्कवरून मूळ नियम परत येतो आणि पुरावाही पुसला जातो.

घरच्या राउटरला हा खटाटोप नको. अख्खं कार्यालय ज्याच्या भरवशावर आहे त्या फायरवॉलला मात्र मी ईसीसी घेईन, तेही किरणांपेक्षा कुरकुरणाऱ्या रॅमसाठी: पट्टी खराब होऊ लागली की दुरुस्त चुकांचा आकडा नोंदीत चढताना दिसतो. फक्त प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनाही ईसीसी चालते ना, ते बघा. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या जाहिरातीतली ‘ऑन-डाय ईसीसी’ चिपच्या आतलंच सावरते. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक तिला दिसत नाही.