ग्रिम्सबी: मासळीवर वाढलेलं बंदर

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या मासळी बाजारात आज लिलावाला लागणारी बरीच मासळी आइसलँडहून कंटेनरमध्ये भरून येते. तीच मासळी पकडायला इथले ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे पकडणाऱ्या मोठ्या बोटी, एकेकाळी स्वतः तिकडे जात. ते दिवस का संपले, हे जाणल्याशिवाय हे गाव कळत नाही.

हंबर नदीच्या मुखाशी, लिंकनशरच्या किनाऱ्यावर वसलेलं हे गाव जुनं आहे. ग्रिम नावाच्या डॅनिश कोळ्याने ते वसवलं अशी दंतकथा आहे, आणि राजा जॉनची सनद १२०१ची. मधल्या शतकांत खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराला उतरती कळा लागली. ते सावरलं रेल्वेने. १८४८ मध्ये रूळ आले, १८५२ मध्ये रेल्वे कंपनीची रॉयल गोदी खुली झाली. तिच्या काठचा विटांचा ३०९ फुटी मनोरा शोभेचा वाटतो, पण गोदीचे दरवाजे आणि याऱ्या चालवायला लागणारा पाण्याचा दाब मिळावा म्हणून तो बांधला होता. सकाळी उतरवलेली मासळी गाडीने मोठ्या शहरांत ताजी पोचू लागली, आणि मासेमारी झपाट्याने वाढली. बर्फ आधी नॉर्वेहून येई. पुढे गोदीतच बर्फाचा प्रचंड कारखाना उभा राहिला.

या भरभराटीला काळी बाजूही होती. अनाथ, निराधार मुलांना शिकाऊ कामगार म्हणून बोटींवर धाडत. समुद्रावर जायला नकार देणाऱ्या मुलाची रवानगी लिंकनच्या तुरुंगात होई.

विसाव्या शतकात ट्रॉलर सुमारे तीन आठवडे समुद्रावर असत आणि मग खलाशांना जेमतेम तीन दिवस घर मिळे. हातातला पैसा फ्रीमन स्ट्रीटवर भराभर खर्च होई, म्हणून त्यांना ‘तीन दिवसांचे लखपती’ म्हणत. नवरा निघायच्या दिवशी बायका कपडे धूत नसत. धुतले तर समुद्र त्याला ओढून नेईल, ही भीती.

आइसलँडने आपली मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ सागरी मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० केली. तिन्ही वेळा ब्रिटिश नौदल ट्रॉलरांच्या रक्षणाला गेलं. कॉड माशावरून झालेल्या या झगड्यांना ‘कॉड युद्धं’ म्हणतात. तिसऱ्या कॉड युद्धात बोटींच्या टकरी झाल्या आणि १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली. माझ्या मते आइसलँडची बाजू रास्त होती. तो देशच मासळीवर जगत होता. पण त्याची किंमत ग्रिम्सबीच्या खलाशांनी मोजली, आणि त्यांना वाऱ्यावर सोडणं हा उघड अन्याय होता. वर्षानुवर्षं समुद्रावर राबूनही ते कागदोपत्री हंगामी कामगार ठरले, त्यामुळे नोकरी गेल्याची भरपाई त्यांना मिळाली नाही.

मासळी कापणं, गोठवणं, धुरी देणं हे उद्योग मात्र टिकले, आणि इथल्या पारंपरिक धुरी दिलेल्या मासळीला २००९ मध्ये युरोपीय भौगोलिक संरक्षण मिळालं. खलाशांसाठी सरकारने भरपाईची योजना जाहीर केली ती २००० साली. तोवर त्यांच्यातले अनेक जण हयात नव्हते.