रोमन ब्राँझ नाण्यांवरील राजस्त्रिया आणि देवता

रोमन साम्राज्यात राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे पाडलेली कमी किमतीची नाणी. पुढच्या बाजूला बहुधा स्त्रीचा चेहरा, मागे देवता. ‘ब्राँझ’ हा संग्राहकांच्या तोंडचा सैल शब्द. यांपैकी सेस्टर्शियस आणि दुपोंडियस ही नाणी पितळी, तर अ‍ॅस हे तांब्याचे. सोळा अ‍ॅस म्हणजे चांदीचा एक दिनारियस.

सुरुवातीला बाई कोणती आणि देवी कोणती, हे मुद्दामच धूसर ठेवलेले दिसते. इ. स. २२-२३च्या एका दुपोंडियसवर ‘सालुस आउगुस्ता’, म्हणजे आरोग्यदेवता, आहे. चेहरा मात्र सम्राट टायबेरियसची आई लिव्हिया हिचा मानला जातो. ती २२ मध्ये गंभीर आजारी पडली होती. पुढचा सम्राट कॅलिगुला याने हा आडपडदाही ठेवला नाही. त्याच्या ३७-३८च्या सेस्टर्शियसवर अग्रिपिना, द्रुसिला आणि ज्युलिया या तिघी बहिणी सेक्युरितास (सुरक्षितता), कॉन्कॉर्दिया (सलोखा) आणि फोर्तुना (नशीब) या देवतांच्या रूपात नावानिशी उभ्या आहेत.

या प्रकाराचा खरा बहर दुसऱ्या शतकातला. थोरली फाउस्तिना १४०च्या सुमारास वारली. तिचा पती सम्राट अँटोनायनस पायस याने तिला देवत्व दिले आणि ‘दिव्य फाउस्तिना’ची नाणी पुढे वर्षानुवर्षे निघत राहिली. मागे कणसे-मशालवाली धान्यदेवता सेरेस, कधी चुलीची देवता व्हेस्टा, कधी देवांची राणी जूनो हिचा मोर. धाकटी फाउस्तिना, म्हणजे थोरलीची मुलगी आणि सम्राट मार्कस ऑरेलियसची पत्नी, हिच्या नाण्यांवर मुलेच मुले: कडेवर दोन, पायांशी चार. आपल्याकडच्या ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’चे हे धातूतले रूपच म्हणावे. तिला किमान बारा मुले झाली. बरीचशी लहानपणीच गेली, हे अर्थात नाणे सांगत नाही.

झिजलेल्या नाण्यावरची अक्षरे गेली तरी केशरचना कामी येते. थोरलीच्या वेण्या डोक्यावर गुंडाळलेल्या, धाकटीचा अंबाडा मागे, तर सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी ज्युलिया डोम्ना हिचे जाड लाटांचे केस टोपासारखे. नाणे दुपोंडियस की अ‍ॅस, हे ओळखणे मात्र अवघड. सम्राटाच्या दुपोंडियसवर किरणांचा मुकुट असतो, अ‍ॅसवर सहसा नसतो. स्त्रियांच्या नाण्यांवर ही खूण बहुधा नसतेच. मग हिरव्या कळंकाखाली पितळ आहे की तांबे, एवढाच पुरावा उरतो.