पार्श्वभूमी : केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पगारपत्रकावर कसा आला

पदवीच्या मध्येच काही महिने किंवा सलग वर्षभर कारखान्यात जायचे, तिथे पगार घेऊन काम करायचे आणि मग उरलेले शिक्षण पुरे करायला परत वर्गात यायचे, ही प्लेसमेंटची पद्धत ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या केमिकल इंजिनिअरिंग विभागांत आता रुळलेली आहे. (इथे प्लेसमेंट म्हणजे शेवटच्या वर्षी कॅम्पसमधून लागणारी नोकरी नव्हे.) विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ती विद्यार्थ्यांसाठीची एक आकर्षक सोय म्हणून छापली जाते. प्रत्यक्षात तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे, आणि तो शिकवण्याच्या पद्धतीपेक्षा पैशावरूनच जास्त झाला आहे.

विषय म्हणून केमिकल इंजिनिअरिंगची सुरुवात सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे दोनच तारखा पुरेत. १८८७ मध्ये मँचेस्टरला कारखान्यांच्या एका माजी सरकारी निरीक्षकाने दिलेली बारा व्याख्याने, आणि १८८८ मध्ये बोस्टनच्या एका संस्थेत सुरू झालेला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. तेव्हाचा हा अभ्यासक्रम म्हणजे बराचसा मेकॅनिकल आणि त्याला जोडलेले औद्योगिक रसायनशास्त्र, एवढाच होता. पगारी कामाचा त्यात मागमूस नव्हता.

पगारी काम आले १९०६ मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. योजना मांडणारे प्राध्यापक मूळचे स्थापत्य अभियंता. आधी पेनसिल्व्हेनियात शिकवत असताना एका संध्याकाळी कॉलेजशेजारच्या पोलाद कारखान्यातल्या कन्व्हर्टरचा (वितळलेल्या लोखंडाचे पोलाद करणाऱ्या भट्टीचा) भडका त्यांना दिसला आणि एवढी मोठी प्रयोगशाळा कोणतेही कॉलेज बांधू शकणार नाही, हे त्यांच्या मनात बसले, असे सांगतात. दुसरे निरीक्षण जास्त रोखठोक होते. पदवीनंतर लवकर पुढे गेलेले बरेच जण शिकताना पोटापाण्यासाठी कुठेतरी काम करणारे निघाले.

सिनसिनाटी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी एका वर्षापुरती परवानगी दिली, तीही योजना फसली तर जबाबदारी आमची नाही, असे लिहून. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि केमिकल अशा तीन शाखांतले २७ विद्यार्थी घेऊन काम सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. एक जण आठवडाभर कारखान्यात, तेव्हा त्याचा जोडीदार वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातली जागा रिकामी पडत नसे आणि मालकाला वर्षभर एक पूर्ण माणूस मिळे. पगार मालक देई, विद्यापीठ नाही. ही वाटणी पुढे जवळजवळ सगळीकडे तशीच राहिली.

जोडीची ही युक्ती लेथवर चालते. केमिकल प्लांटमध्ये तिची ओढाताण होते. ऊर्ध्वपातनाच्या स्तंभाची (मिश्रण उकळून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या उंच नळकांड्याची) चाचणी घ्यायची तर फीडचा, म्हणजे आत सोडलेल्या मिश्रणाचा, दर बदलल्यावर तापमाने स्थिर व्हायलाच कित्येक तास जातात. नमुने घेऊन, ते तपासून वस्तुमानाचा ताळा (आत गेले तेवढे बाहेर आले का, हा हिशेब) लागेपर्यंत आठवडा संपतो, आणि निष्कर्ष लिहायचा तो मुलगा सोमवारी वर्गात बसलेला असतो. पुढे पाळ्या आठवड्यांवरून महिन्यांवर गेल्या. केमिकलपुरते तरी ते अपरिहार्यच होते.

आता मुख्य वाद. १९१५ च्या सुमारास बोस्टनच्याच त्या संस्थेत वेगळा विचार झाला. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे साखर, कागद, आम्ल असे वेगवेगळे उद्योग शिकणे नव्हे; सगळ्यांत सामाईक असणाऱ्या बाष्पीभवन, गाळण, वाळवणे, ऊर्ध्वपातन अशा युनिट ऑपरेशन्स शिकणे, अशी मांडणी त्याच वर्षी पुढे आली. तिच्याच हातात हात घालून कारखान्यातल्या शाळेची कल्पना आली. एका उद्योगपतीने तीन लाख डॉलर दिले आणि १९१६ मध्ये ती शाळा सुरू झाली. महायुद्धामुळे वर्षभरातच खंड पडला, १९२० मध्ये ती पुन्हा उभी राहिली. छोटे गट, कारखान्यातच मुक्कामाला असलेला संस्थेचा प्राध्यापक, आणि एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर बदली. सिनसिनाटीहून मोठा फरक एकच: पगार नाही. विद्यार्थी हा विद्यार्थीच राहील आणि त्याला कामाबद्दल मिळतील ते श्रेयांक.

या निर्णयामागचा युक्तिवाद आजही ऐकू येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पगार दिला की मालकाला हक्क मिळतो. ज्याला पैसे मोजले त्याला मालक जिथे गरज आहे तिथे उभा करणार. मग मुलगा सहा महिने एकाच पंपाच्या आवाजात दर तासाला लॉगशीट भरत राहणार. बिनपगारी विद्यार्थ्याला मात्र प्राध्यापक सांगू शकतो, या बाष्पकाचा उष्णतेचा ताळेबंद काढ, वाफ कुठे वाया जाते ते शोध, आणि झाले की पुढच्या विभागात चल. उत्पादनाचे ओझे त्याच्यावर नाही.

पण दुसरी बाजू जास्त वजनदार आहे, असे हा इतिहास वाचताना वाटत राहते. एक तर, ज्याला घरून पैसे येतात तोच महिनोन्‌महिने बिनपगारी राहू शकतो. सिनसिनाटीच्या योजनेचा उगमच कमावून शिकणाऱ्या मुलांत होता. पगार काढला की ती मुले सगळ्यात आधी गळतात. दुसरे म्हणजे, ज्याला पैसे मोजलेले नाहीत त्याच्या कामाची घाई कोणालाच नसते. पगारपत्रकावरच्या विद्यार्थ्याचा अहवाल साहेब वाचतो, कारण त्याचे तास कुठल्या तरी खर्चाच्या खात्यात पडलेले असतात. आणि तिसरा मुद्दा गोपनीयतेचा. कॅटॅलिस्ट (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ), उत्पादनाचा उतारा, अशुद्धीचे प्रमाण ही माहिती कंपन्या बाहेर जाऊ देत नाहीत. नोकरीच्या करारात विद्यार्थ्याला बांधता येते; पाहुण्याला सगळे दाखवायची कंपनीला धास्ती वाटते. त्याची किंमत विद्यापीठ मोजते, हा भाग वेगळा: प्लेसमेंटच्या अहवालातले आलेख पुष्कळदा अक्षांवरचे आकडे पुसूनच परीक्षकाकडे येतात.

आज पगारी पद्धतच जास्त पसरलेली आहे. बिनपगारी शाळेचा वारसाही टिकला, पण तो निवडक संस्थांपुरता.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न वेगळ्या दाराने आला. तिथे आलटून पालटून शिकण्याला सँडविच म्हणत, आणि सन्डरलंडच्या तांत्रिक कॉलेजात १९०३ मध्येच त्याचा प्रयोग झाला होता. खरा विस्तार १९५६ च्या सरकारी श्वेतपत्रिकेनंतर. सहा-सहा महिन्यांचे ते पातळ सँडविच, सलग वर्षाचे ते जाड. त्याहून महत्त्वाची विभागणी पैशाची होती. कंपनीनेच पाठवलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजात बसलेला असतानाही कंपनीचा पगार चालू राही. कॉलेजातून आलेल्याला शिकताना सरकारी अनुदान आणि फक्त कामाच्या महिन्यांत पगार. एकाच बाकावरच्या दोघांच्या खिशात त्यामुळे बरीच तफावत असे. १९६६ च्या आसपास या कॉलेजांची विद्यापीठे झाली, तसा पहिला, कंपनीने पाठवलेल्यांचा, प्रकार हळूहळू मागे पडला.

विद्यार्थी कारखान्यात नेमके काय करतो, यावर १ जून १९७४ चा परिणाम मोठा आहे. त्या दिवशी इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या सायक्लोहेक्झेन प्लांटमध्ये स्फोट होऊन २८ माणसे गेली. काढून टाकलेल्या रिअॅक्टरच्या जागी घातलेला तात्पुरता बायपास पाइप फुटला होता, आणि त्या पाइपचे रेखाटन म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती होती. त्यानंतर, आणि १९८४ च्या भोपाळनंतर तर जास्तच, बदलाची नोंद आणि धोक्यांचा अभ्यास हे शिक्षणात आले. आजचा प्लेसमेंटचा विद्यार्थी वर्क परमिटशिवाय (त्या कामासाठीच्या लेखी सुरक्षा परवानगीशिवाय) काही उघडत नाही. त्याच्या वाट्याला पहिल्याच महिन्यात येणारे ठरलेले काम म्हणजे हातात पी अँड आयडी (प्लांटमधले पाइप, व्हॉल्व्ह आणि उपकरणे दाखवणारा नकाशा) घेऊन पाइपलाइनच्या कडेने चालत जाणे: कागदावरचा प्रत्येक व्हॉल्व्ह जागेवर आहे का, आणि जागेवरचा प्रत्येक कागदावर आहे का. कंटाळवाणे काम आहे. पण कोणीतरी मध्येच टाकलेली, कुठल्याही ड्रॉइंगवर नसलेली ड्रेन लाइन सापडते ती याच फेरीत.

कायद्याला मात्र हा माणूस कोण ते अजून नीट ठरवता आलेले नाही. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये किमान वेतन लागू झाले, तेव्हा उच्च शिक्षणाचा भाग म्हणून होणारे एक वर्षापर्यंतचे काम त्यातून वगळले गेले. म्हणजे पगारी प्लेसमेंट ही तिथे रीत आहे, हक्क नाही. उलट कामावर असलेल्या त्या वर्षासाठी इंग्लंडमधले विद्यापीठ कमाल शुल्काच्या २० टक्क्यांपर्यंत फी आकारू शकते. या वगळण्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. केमिकल कंपन्या सहसा बऱ्यापैकी पगार देतात म्हणून या शाखेत ते खुपत नाही, इतकेच. अमेरिकेत १९४७ चा सर्वोच्च न्यायालयाचा रेल्वेच्या उमेदवारांबाबतचा निकाल आधार धरला जातो, आणि आता कामाचा मुख्य लाभ कोणाला, कंपनीला की शिकणाऱ्याला, हे पाहिले जाते. भारतात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे सरळ लिहून टाकले. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंतेही त्याच्या कक्षेत आले आणि त्यांना विद्यावेतन मिळू लागले. पण तेव्हाची ती सोय मुख्यतः पदवीनंतरची होती.

कॅनडाने पैशाचा प्रश्न सरकारकडे नेला. ऑन्टारियोत १९५७ मध्ये एका नव्या विद्यापीठाने अभियांत्रिकीचे शिक्षण पहिल्या तुकडीपासूनच पगारी सत्रांवर उभे केले. २०१७ पासून केंद्र सरकार असा विद्यार्थी घेणाऱ्या मालकाला पगाराचा अर्धा भाग, कमाल ५,००० डॉलरपर्यंत, परत देऊ लागले. काही गटांतल्या विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के, कमाल ७,००० डॉलर.

ब्रिटनमध्ये २०१५ पासून पदवी देणाऱ्या अॅप्रेंटिसशिपही सुरू झाल्या आहेत. २०१७ पासून तीस लाख पाउंडांहून मोठे वेतनबिल असलेल्या कंपन्यांवर त्यासाठी ०.५ टक्के आकार बसतो. या वाटेने येणारा पहिल्या दिवसापासून कंपनीचा नोकर असतो, शिकवणीची फी त्याच्या अंगावर पडत नाही, आणि विद्यापीठात तो ठरलेल्या दिवसांपुरता येतो.