‘यांना उत्तर कुठून द्यायचं?’ मेलचा इनबॉक्स आणि फीड रीडर

गेल्या महिन्यात आईच्या लॅपटॉपवर मी दोन टॅब कायमचे बसवून दिले. एकात राउंडक्यूब, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा मेलचा प्रोग्रॅम. दुसऱ्यात मिनिफ्लक्स, म्हणजे बातम्या आणि ब्लॉग एका जागी आणून देणारा फीड रीडर. चौथ्या दिवशी मी हिंजवडीहून कर्वेनगरला घरी पोचले, तेव्हा ती रीडरमधल्या एका लेखाखाली बटण शोधत होती. ‘अगं, यांना उत्तर कुठून द्यायचं? त्यांनी आपल्याला पाठवलंय ना हे?’

नाही, त्यांनी पाठवलेलं नाही. आपण जाऊन आणलंय. सगळा फरक इथेच आहे, पण पडद्यावर तो कुठेच दिसत नाही. दोन्हीकडे मथळ्यांची यादी, न वाचलेलं वेगळं उठून दिसतं, बाजूला आकडा, आवडलेल्यावर चांदणी. माझ्या प्रोग्रॅमिंगच्या कामातल्या मुरलेल्या लोकांचीही इथे गल्लत होते, मग आईची झाली यात नवल नाही.

हे साम्य आलं कुठून, तेही सांगते. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं. त्या काळी हॉटमेल फुकट खात्याला २ एमबी जागा देत होतं, आणि जीमेलने एकदम १ जीबी दिली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर क्लिकला अख्खं पान नव्याने उघडायची गरज उरली नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर आला आणि पुढे त्याचा चेहरामोहरा मेलसारखाच होत गेला. जीमेलप्रमाणेच ‘जे’ दाबलं की पुढचं, ‘के’ दाबलं की मागचं. १ जुलै २०१३ ला तो बंद झाला, पण बोटांची सवय राहिली. मिनिफ्लक्समध्येही ‘जे’ आणि ‘के’ तशाच चालतात.

आता आतली यंत्रणा. आईला मी टपाल आणि वार्ताफलक यांच्या भाषेत सांगितलं. पुण्यात चौकाचौकांत मंडळांचे फलक असतात, कुणीतरी सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहून जातं. पोस्टमन तुमचं नाव, घर नंबर, पेठ बघून येतो. फलक कुणाच्याच नावाचा नसतो, त्याच्यासमोरून तुम्ही जायचं असतं.

मेल म्हणजे टपाल. पाठवणाऱ्याकडे तुमचा पत्ता असतो आणि त्याचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरचं दार वाजवतो. मेल एका सर्व्हरने दुसऱ्याला कसा द्यायचा हे ठरवणाऱ्या एसएमटीपी या नियमावलीचं १९८२ साली ठरलेलं मूळ आजही कामात आहे. फीड म्हणजे फलक. साइट स्वतःच्या एका फाइलमध्ये ताज्या नोंदी लिहून ठेवते, आरएसएस किंवा अ‍ॅटम या साच्यात. मिनिफ्लक्स साधारण दर तासाला तिथे जातो आणि विचारतो, ‘मागच्या वेळेनंतर काही बदललं का?’ बदललं नसेल तर समोरून ‘३०४’ एवढंच उत्तर येतं आणि फाइल पुन्हा उतरवावी लागत नाही. हा संवाद मला फार सुंदर वाटतो. दोन यंत्रं एकमेकांचा वेळ वाया घालवत नाहीत.

हा फरक खरा कळला तो आम्ही चार दिवस गुहागरला गेलो तेव्हा. मिनिफ्लक्स घरच्या एका जुन्या संगणकावर चालतो, तो जाताना बंद केला होता. मेल भाड्याच्या सर्व्हरवर आहे. परत आल्यावर मेल सगळे जागेवर होते. ते असणारच, कारण तो सर्व्हर चालूच होता. पण तो बंद असता तरी बहुतेक काही हरवलं नसतं. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत धरून ठेवतो आणि ठरावीक अंतराने पुन्हा प्रयत्न करतो. नियमावलीच सांगते की चार-पाच दिवस तरी हार मानू नये. मागे माझ्या एका चुकलेल्या अपडेटमुळे मेल सर्व्हर सहा तास बंद होता, तेव्हाही सगळं संध्याकाळपर्यंत येऊन पडलं.

रीडरचं तसं नव्हतं. महिन्यातून दोनदा लिहिणाऱ्या ब्लॉगची नोंद व्यवस्थित आली. पण दिवसभर बातम्या टाकणाऱ्या दैनिकाच्या फीडमध्ये त्या क्षणाच्या मोजक्याच ताज्या नोंदी होत्या. मधल्या तीन दिवसांचं काहीच मिळालं नाही. फलक पुसून नवा लिहिला गेला होता. वर्डप्रेसवरच्या साइटचा फीड कुणी बदल केला नसेल तर शेवटच्या दहाच नोंदी दाखवतो. त्यामुळे घाईघाईने भरणारे फीड वाचायचे असतील तर रीडर सतत जागा हवा. ही गोष्ट मी आधीच ध्यानात घ्यायला हवी होती.

उलट बाजूही आहे. मेल एकदा आला की ती प्रत तुमची. पाठवणाऱ्याला त्यातलं वाक्य नंतर बदलता येत नाही. फीडमधली नोंद मात्र मागाहून दुरुस्त होऊ शकते. काही रीडर नवा मजकूर उचलतात, काही जुनाच ठेवतात. बातमीसाठी दुरुस्ती चांगलीच, पण पावती किंवा करार कधीही फलकावर चालणार नाही.

मला सर्वात जिव्हाळ्याचा वाटतो तो तिसरा मुद्दा: कोण कोणाला ओळखतं. मेलमध्ये येणाऱ्या बातमीपत्रात बहुधा एक बाय एक पिक्सेलचं अदृश्य चित्र असतं. ते उघडलं की तुम्ही कधी वाचलं हे त्यांना कळू शकतं. राउंडक्यूबमध्ये बाहेरची चित्रं आपणहून उघडत नाहीत, ती तशीच राहू द्यावीत. फीडमध्ये लेखकाला तुमचा पत्ता माहीतच नसतो. नको झाला तर फीड काढून टाकायचा, कुणाची परवानगी लागत नाही. मेलमध्ये मात्र ‘मला वगळा’ अशी विनंती करावी लागते. २०२४ मध्ये जीमेलने दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली. रीडरमध्ये असल्या सक्तीची वेळच येत नाही, कारण तिथे न बोलावता कुणी येऊच शकत नाही.

प्रोग्रॅमर म्हणून दोन शब्द या साधनांबद्दल. मिनिफ्लक्स गो भाषेत लिहिलेला आहे, मागे नोंदी साठवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो, आणि त्याचा मितभाषीपणा मला मनापासून आवडला. राउंडक्यूब जुना आणि भरवशाचा, पण त्याच्या मागचं आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरचा मेल वाचण्याची नियमावली, आता थकलेलं वाटतं, फोल्डर मोठा झाला की जाणवतं. त्याच कामासाठी, पण वेबसाठीच आखलेलं जेमॅप २०१९ मध्ये प्रमाण झालं, तरी ते चालवणारे सर्व्हर अजून थोडेच. त्याचा प्रसार व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

आणि तो आकडा. आईला रीडरमधल्या १८४ चं दडपण आलं होतं. मेलमधला आकडा म्हणजे तितक्या जणांनी तिचं नाव घेऊन काही पाठवलंय, बँकेने, डॉक्टरांनी, मावशीने. ते बघायलाच हवं. रीडरमधला आकडा म्हणजे फलकांवर मधल्या काळात लिहिल्या गेलेल्या ओळी. ‘सगळं वाचलं’ दाबलं तर कुणाचाही अवमान होत नाही. तिने घाबरत दाबलं, मग परवा पुन्हा दाबलं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी तिच्याकडून हे ऐकलं आणि रविवारी ते विचारायला आले, की सूचना मेलने द्याव्यात की फीड काढावा? आम्ही दोघांनी कागदावर वाटणी केली. देखभाल खर्चाचं बिल आणि सर्वसाधारण सभेची नोटीस मेलने, प्रत्येक सभासदाच्या पत्त्यावर. टाकी धुणार, गुरुवारी पाणी बंद, लिफ्टची दुरुस्ती, हे फीडवर. जिन्याखालचा खडूचा फळा मात्र तसाच ठेवायचा, असं काकांनी शेवटी ठासून सांगितलं, आणि मी ते तिसऱ्या ओळीत लिहून घेतलं.