मोड आणि मायक्रोग्रीन्स: खरा फरक उजेडाचा

मटकीला मोड कसे आणायचे हे मराठी घरात कोणाला सांगावं लागत नाही. रात्री भिजवायची, सकाळी उपसायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. म्हणूनच ‘मोड अजून चार दिवस राहू दिले की त्यांचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे पहिली पानं फुटताच कापून खायची कोवळी रोपं, होतात’ हे कोणी सांगितलं की चटकन पटतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी हे लिहितंच. साफ चूक आहे. फडक्यातली मटकी अजून चार दिवस ठेवली तर मुळं एकमेकांत गुंततात, आंबूस वास सुटतो आणि सगळं फेकून द्यावं लागतं. पान काही तयार होत नाही.

किरकोळ फरक आधी उरकते. मोड आपण बी आणि मुळासकट खातो. मायक्रोग्रीन्सचा देठ आणि पानं कात्रीने कापून घेतो, मूळ ट्रेमध्येच राहतं. मोडांना दीड-दोन दिवस लागतात, मोहरी-मुळ्याला साधारण आठवडा, मेथीला आठ-दहा दिवस. मोडांना फडकं पुरतं, यांना दोन बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, लागतो. टिशू पेपरवरही उगवतात, पण उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत वाळतो आणि रोपं माना टाकतात. मला तो प्रकार अजिबात पसंत नाही. मुंबईकरांना तर ही वस्तू नवीनही नाही. बाजारात वाळूने भरलेल्या मुळांच्या इवल्या जुड्या मिळतात, ती समुद्र मेथी याच वयाची असते.

आता मुद्द्याचं. मोड बियाण्याच्या शिदोरीवर जगतात. मटकीच्या दाण्यात जो साठा आहे, तो फुटून, पचायला हलका होऊन मुळात आणि कोंबात उतरतो. उजेडाचा तिथे काही संबंध नाही. मोड आल्यावर क जीवनसत्त्व वाढतं, लोह-जस्त अंगी लागू न देणारं फायटिक अॅसिड कमी होतं, प्रथिनं तर असतातच. मोड कमी प्रतीचे आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण ते कडधान्य आहे, भाजी नव्हे. मायक्रोग्रीन म्हणजे पान, आणि पान उजेडात घडतं. हरितद्रव्य तयार होण्याची शेवटची पायरी या झाडांत उजेड पडल्याशिवाय पूर्णच होत नाही. ल्युटीन, बीटा कॅरोटीन ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यंही हिरव्या होत जाणाऱ्या पानातच भरभरून येतात.

2012 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आणि मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 25 प्रकारचे मायक्रोग्रीन्स तपासले. लाल कोबीत क जीवनसत्त्व सर्वांत जास्त निघालं, कोथिंबिरीत कॅरोटिनॉइड्स, म्हणजे ल्युटीन-बीटा कॅरोटीनच्या कुळातली रंगद्रव्यं. हे आकडे सगळीकडे फिरतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: मटाराचे कोंब त्यांनी दोन तऱ्हेचे घेतले होते, उजेडात वाढवलेले हिरवे आणि अंधारात वाढवलेले पिवळे. पिवळ्यांत जीवनसत्त्वं आणि कॅरोटिनॉइड्स कितीतरी कमी भरली. मटार तोच; उजेड काढून घेतला तर पौष्टिकपणाही गेला.

घोळ होतो तो पहिल्या तीन दिवसांमुळे. मायक्रोग्रीन्सही सुरुवातीला अंधारातच ठेवतात. बी पेरून त्यावर दुसरा ट्रे पालथा घालायचा, वर थोडं वजन ठेवायचं. कोंब ते वजन उचलायला लागले की झाकण काढायचं. त्या दिवशी ट्रेमध्ये फिकट पिवळे, डोकी वाकवलेले कोंब दिसतात, म्हणजे अगदी मोडच. इथून पुढे रस्ते वेगळे होतात, आणि नेमकं इथेच बहुतेक जण ट्रे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतात आणि म्हणतात, ट्यूबलाइट आहे की.

ट्यूबलाइट छताला आहे. आपले डोळे उजेडाशी इतके पटकन जुळवून घेतात की खोली लख्ख वाटते, पण ओट्यावर जेमतेम शे-दोनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) पडतात. दुपारच्या उघड्या उन्हात लाखाच्या आसपास असतात. रोपाला त्या शे-दोनशेत अंधारच दिसतो. ते उजेड शोधत उंच होत जातं, देठ दोऱ्यासारखा बारीक होतो, पान फिकट राहतं, आणि पाचव्या दिवशी सगळा ट्रे आडवा. मग लोक खत घालतात. खताचा काय दोष? खाली आणा तो दिवा.

साधे चार फुटी 20 वॅटचे दोन पांढरे एलईडी बॅटन घ्या, खोक्यावर ‘कूल डेलाइट’, 6500 केल्विन लिहिलेले. ट्रेच्या वर वीतभर अंतरावर शेजारी शेजारी टांगा. रोज 14 तास चालू, रात्री बंद. दिवसाला अर्ध्या युनिटच्या थोडी वर वीज जाते. ट्रेच्या पातळीला मोबाइल धरून लक्स मोजायचं अॅप उघडा. आकडा पाच हजारांच्या पुढे गेला पाहिजे. अॅप काटेकोर नसतं, पण दोनशे आणि पाच हजार यांतला फरक नक्की दाखवतं.

रोपांसाठी म्हणून विकतात त्या जांभळ्या दिव्यांवर पैसे घालवू नका. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच एलईडी असतो, वर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडातून बाकीचे रंग काढणाऱ्या भुकटीचा, लेप असतो. निळा, हिरवा, लाल, सगळं त्यात येतं. निळ्याने देठ आखूड आणि दणकट राहतो. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की बुरशी धरलीय हेच कळत नाही. आणि मुळांजवळचा प्रत्येक पांढरा कापूस बुरशी नसतो: पाण्याचा फवारा मारल्यावर नाहीसा झाला तर ती मुळांची लव. जाळं तसंच राहिलं आणि कुबट वास आला तर ट्रे टाका.

उजेड आणि वारा यांचा आणखी एक फायदा. मोड दमट, उबदार, बंद जागेत येतात. जंतूंनाही तेच आवडतं. 2011 मध्ये जर्मनीत इ. कोलायची मोठी साथ आली, 50 हून अधिक माणसं दगावली. माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. आपण मटकीची उसळ शिजवतो, ते शहाणपणाचं आहे. कच्च्या मोडांची कोशिंबीर लहान मुलं आणि गरोदर बायकांना मी देत नाही. मायक्रोग्रीन्स मुळाच्या वर कापलेले असतात, मोकळ्या हवेत वाढतात, म्हणून धोका कमी. धुवायचे मात्र खाण्याच्या वेळीच; ओले डब्यात भरले तर दुसऱ्या दिवशी चिकट होतात.

बी वाण्याकडचंच घ्या. पेरणीसाठी विकतात त्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्याचा गुलाबी-निळा रंग हाताला लागतो. धणे लाटण्याने रगडून दोन फाका करा. अळीव भिजवू नका, बुळबुळीत होतो. ओल्या कोकोपीटवर नुसता भुरभुरवा. टोमॅटो, वांगं, बटाटा यांची कोवळी रोपं खायची नाहीत. ज्वारीचीही नाहीत: कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, आणि त्यातून सुटणारं सायनाइड माणसालाही सोडत नाही.